मान हलवणारा कॅमेरा

घारकाकांच्या घरी टीव्हीला प्रश्न विचारायची पद्धत होती. ती काकूंनी पाडलेली. हिरव्यागार गवतावर पांढरा चेंडू घरंगळत यायचा आणि थांबायचा. काकू हातातलं काम बाजूला ठेवून टीव्हीला विचारायच्या, "जेवलात का?" दोन श्वास जायचे. मग ते अख्खं चित्र, गवत, चेंडू, मागची झाडं या सगळ्यांसकट, जरासं खाली जायचं आणि परत वर यायचं. "जेवले," असं काकू सासूबाईंना सांगायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

याचं मूळ चोवीस वर्षांपूर्वीचं. काका तेव्हा सभागृहातली भाषणं चित्रित करायचे. नवीन लग्न झालेलं. काकूंची तक्रार अशी की, जगाला दाखवता, पण स्वतः कुठे दिसत नाही. हे चित्र तुम्ही काढलंय की आणखी कुणी, हे मला कसं कळायचं? काका मुळात मितभाषी. घरी काहीही विचारलं तरी उत्तर म्हणून मान हलवायचे, तोंड उघडायचे ते फक्त जेवायला. त्यांनी दिवसभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी एका लांबलचक भाषणाच्या शेवटी कॅमेऱ्याची मान हळूच खाली-वर केली. वक्त्याला वाटलं, आपलं म्हणणं पटलं. काकूंना मात्र कळायचं ते कळलं. तेव्हापासून भाषणं गेली, घोड्यांच्या शर्यती आल्या, शर्यती गेल्या आणि गोल्फ आलं, पण मान राहिली.

त्या मानेवरून काकांनी बोलणी खाल्ली, पण सवय सोडली नाही. एका स्पर्धेत कॅमेऱ्याची तिवई सैल आहे असं समजून कंपनीने दोनदा मिस्त्री पाठवला. त्याने दोन्ही वेळा सगळे स्क्रू पिळून घट्ट केले. काका बाजूला उभं राहून त्याला पान्हा देत होते.

घार हे त्यांचं टोपणनाव. खरं नाव ओळखपत्रावर होतं आणि तिथेच पडून होतं. आकाशातली कुठलीही वस्तू एकदा भिंगात पकडली की सुटायची नाही, म्हणून घार. गोल्फमध्ये अशा माणसाला भलताच मान. खेळाडू काठीने चेंडू हाणतो, तो सुपारीएवढा होतो, मग वाटाण्याएवढा, मग राईएवढा, आणि कॅमेरेवाल्याने त्याला आभाळातून सांभाळून खाली आणायचं असतं. आता यातलं गुपित सांगायला हरकत नाही. निम्म्या वेळा चेंडू दिसतच नाही. काका खेळाडूचा खांदा बघायचे, फटक्याचा आवाज ऐकायचे आणि मनात आकडे मोजत कॅमेरा फिरवायचे. सहा म्हणेपर्यंत चेंडू बरोबर चौकटीत पडायचा. बघणारे म्हणायचे, काय नजर आहे.

आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, या नजरेच्या जोरावर, काका विमानात बसून परदेशी स्पर्धेला गेले.

तिथे त्यांना जे मचाण मिळालं ते उंच होणारं होतं. खाली चाकांची गाडी, तिच्यावर लोखंडी कैची, वर कठडा लावलेली फळी. फळीवर काका आणि कॅमेरा. खाली गाडी चालवायला तिथलाच एक आडवातिडवा लिफ्टवाला. त्याला काकांची भाषा येईना, काकांना त्याची. पहिल्याच सकाळी दोघांनी करार केला. काकांनी मान खाली-वर हलवली की लिफ्टवाल्याने फळी हातभर वर न्यायची. मान आडवी हलवली की खाली आणायची. करार इतका साधा होता की त्यात काही घोळ होईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

सगळ्यांची सूत्रं बाईंच्या हातात. बाई म्हणजे दिग्दर्शिका. वय काकांच्या निम्म्याहून थोडं जास्त, आवाज मऊ, आणि रागावल्या की आणखी मऊ. मैदानाच्या टोकाला एका बंद ट्रकमध्ये चाळीस पडद्यांपुढे बसून त्या प्रत्येकाच्या कानात बोलायच्या. शेजारच्या खोलीत समालोचक. त्याला सगळे पुटपुटे म्हणत. खेळाडूंच्या कानावर शब्द जाऊ नये म्हणून तो कुजबुजत बोलायचा. खोली चारी बाजूंनी बंद होती आणि सगळ्यात जवळचा खेळाडू अर्ध्या मैलावर होता, तरी कुजबुजायचा. घरी फोन केला तरी कुजबुजतो आणि बायको काळजीत पडते, असं ऐकिवात होतं.

पहिल्या दिवशी काकांचं घोडं पेंड खाऊ लागलं. तिथलं आभाळ पांढरं. निळा ठिपका नाही, ढगाला कड नाही, वरून नुसती चादर पांघरल्यासारखं. त्यात गार वाऱ्याने डोळ्यांतून पाणी. दुपारी काकांनी एक चेंडू अगदी सफाईने पकडला, वर नेला, डावीकडे वळवला, आणखी वर नेला. पुटपुटे म्हणाला, "केवढा उंच. अजून वरच चाललाय." मग चेंडूने पंख हलवले. पाखरू होतं ते. तासाभराने दुसरा चेंडू त्या चादरीत हरवला. काका सगळं आभाळ धुंडाळून आले, आणि चेंडू त्यांच्याच मचाणाच्या चाकाशी येऊन पडला होता.

संध्याकाळी ट्रकच्या पायरीशी बाईंनी त्यांना बोलावलं.

"काका, मी तुमच्या भरवशावर सांगितलंय वर, की आमचा माणूस चेंडू सोडत नाही," बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "आज दोन गेले. उद्या तिसरा गेला, तर परवापासून तुम्ही पार्किंगला."

"पार्किंगला?"

"गाड्या येतात-जातात, तो कॅमेरा. आणि हो, ते मान हलवणं बंद करा. बॉल थांबला की दरवेळी भूकंप होतो. इथले लोक मला विचारतात, जमीन पक्की आहे ना."

काकांनी मान हलवली आणि मग जीभ चावली.

खोलीवर येऊन त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, आज दोनदा विचारलं तुम्हाला, उत्तर नाही," काकू म्हणाल्या. "रागावलात का?"

"नाही गं. बॉल हरवले." आणि त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. एवढं बोलणं त्यांनी गेल्या सहा महिन्यांत केलं नव्हतं.

काकूंनी विचारलं, "पार्किंगच्या कॅमेऱ्याला मान असते का?"

"नसते. खांबाला स्क्रूने आवळलेला असतो तो. मी नुसता शेजारी बसायचं, बंद पडला तर सांगायला."

"मग मला कळणार कसं?"

चोवीस वर्षांत घरापासून लांब असताना त्यांनी बायकोशी जे काही बोलणं केलं होतं ते त्या मानेतून. फोनवर ते हं, हं करायचे आणि फोन संपायचा. नोकरीत खाली ढकलले जाण्याचं दुःख होतंच, सत्तावन्नाव्या वर्षी खाली गेलेला माणूस पुन्हा वर चढत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण त्याहून जास्त सलत होती ती मान. त्या विचारातच ते झोपले.

दुसऱ्या दिवशी काका डोळ्यांत तेल घालून मचाणावर चढले. आभाळ कालच्यासारखंच. हा दिवस खेळाडूंच्याही धाकधुकीचा होता, कारण त्या संध्याकाळी यादीतला खालचा अर्धा भाग कापला जायचा आणि तेवढी मंडळी सामान बांधून घरी. काकांच्या डाव्या हाताला नवव्या होलचं गवत होतं, उजव्या हाताला सतराव्याचं. मधे हे. काम नवव्याचं. सतराव्याकडे कुणी बघायचं कारण नव्हतं. तिथे खेळत होते ते यादीच्या तळाचे लोक, आणि चेंडू मारायच्या जागेपुढे असं एक टेकाड होतं की मारणाऱ्याला भोक दिसायचंच नाही, त्यात लावलेल्या झेंड्याचं फक्त टोक दिसायचं. गर्दी सगळी नवव्यावर, कारण तिथे लाल टोपी येत होता. लाल टोपी म्हणजे त्या स्पर्धेतला पहिल्या नंबरचा. त्याने शिंक दिली तरी चार कॅमेरे वळायचे.

दुपारपर्यंत काकांनी एकोणीस चेंडू आभाळातून सुखरूप खाली उतरवले. मान हलवली नाही. हात शिवशिवले, पण नाही हलवली.

"काका, लाल टोपी मारतोय. तुमच्या चित्रावर येतेय," बाईंचा आवाज आला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. म्हणजे आता काका बघतील तेच जग बघणार.

काकांनी खांदा बघितला. फटका ऐकला. एक. दोन. तीनला पांढऱ्या चादरीवर एक ठिपका दिसला आणि जीव भांड्यात पडला. चारला बघतात तो दोन ठिपके. एकमेकांना छेदून गेले, आणि काकांनी जो जास्त ठसठशीत होता तो धरला. पाच. सहा. चेंडू उतरला, गवतावर एकदा टणकला, झेंड्याच्या मागे गेला, उतारावर थबकला, मग काही विसरल्यासारखा मागे फिरला आणि हळूहळू, अगदी लाडाने, भोकात गेला.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच पुटपुटे ओरडला. लाल टोपीचं नाव घेऊन ओरडला. ट्रकमध्ये टाळ्या पडल्या.

मग दुसऱ्या कॅमेरेवाल्याचा आवाज सगळ्यांच्या कानात आला. "बाई, लाल टोपीचा बॉल माझ्यासमोर वाळूच्या खड्ड्यात आहे. आणि तो स्वतः त्याच्याकडे बघत उभा आहे. फार वाईट तोंड केलंय."

टाळ्या थांबल्या.

"काका," बाई इतक्या मऊ आवाजात म्हणाल्या की काकांनी कानातलं यंत्र दाबून धरलं. "हा बॉल कुणाचा?"

काकांनी भिंगातून डोळा काढून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. झेंड्यावर नंबर सतरा.

"आपला नाही, बाई."

"किती झाले?"

"तीन."

काका डोळे मिटून उभे राहिले. पार्किंगचा खांब त्यांना स्पष्ट दिसत होता. पण लाल दिवा काही विझेना.

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. आवाज बदलला होता. "हा सतराव्यावरून पहिल्याच फटक्यात गेलाय आत?"

"हो. आभाळापासून भोकापर्यंत मी सोडलाच नाही त्याला."

"मग आता सोडलात तर बघा. लाल टोपी वाळूतच आहे, तो कुठे जात नाही. तिथेच राहा."

पुटपुटेला कुणीतरी कागद सरकवला. त्याने घसा साफ केला, जगाची माफी मागितली आणि पुन्हा कुजबुजत सांगितलं की हा चेंडू यादीत खालून तिसऱ्या असलेल्या खेळाडूचा आहे आणि त्याचं आज संध्याकाळचं परतीचं तिकीट काढलेलं आहे.

एवढ्यात टेकाडावरून तो आला. पिवळा स्वेटर घातलेला, वयाने थोराड, दोन दिवस सगळं चुकलेल्या माणसाची चाल. मागे त्याचा पिशवीवाला आणि बरोबरीने खेळणारे दोघं. त्या दोघांचे चेंडू गवतावर समोरच पडले होते. पिवळ्या स्वेटरचा नव्हता. त्याने सुस्कारा टाकला आणि मागच्या उंच गवतात शोधायला लागला. पिशवीवाला झुडपात शिरला. बाकीचे दोघं झाडाखाली वाकले. जो तो भोकावरून ये-जा करत होता आणि भोकात बघायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. आपला चेंडू पहिल्याच फटक्यात तिथे गेला असेल असं वाटायला माणूस यादीत जरा वर असावा लागतो.

जगभरचे लोक घरी बसून त्याला सांगत होते. त्याला मात्र सांगणारं कुणी नव्हतं. गर्दी नवव्यावर, इकडे पाठ करून उभी.

"बाई, सांगू का त्याला?" काकांनी विचारलं.

"अजिबात नाही. बोलायचं नाही, हात करायचा नाही, शिट्टी नाही. आपला नियम माहीत आहे ना? कॅमेरा म्हणजे झाड."

"तो चुकीच्या ठिकाणी शोधतोय."

"मला दिसतंय, काका. माझेही हात बांधलेले आहेत."

पिवळ्या स्वेटरने घड्याळाकडे बघितलं. शोधायलाही वेळ ठरलेला असतो. त्याने पिशवीवाल्याला खूण केली, दुसरा चेंडू काढ. परत मागे जाऊन मारायच्या तयारीने तो वळला. जन्मात एकदा व्हावी अशी गोष्ट पाठीमागे ठेवून हा गृहस्थ चालला, हे काकांच्याने बघवेना. तिसरा चेंडू तर गेलाच होता. पार्किंग ठरलेलंच होतं. काकांनी दांडा घट्ट धरला आणि कॅमेऱ्याची मान हलवली.

थंडीने तिवई कुईं करून वाजली. पिवळ्या स्वेटरने वर बघितलं.

कॅमेऱ्याने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग भोकाकडे पाहिलं आणि मान डोलावली. पुन्हा त्याच्याकडे, पुन्हा भोकाकडे, पुन्हा मान.

"काका, मान," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"काका, बंद करा."

"हो, बाई," म्हणत काका कॅमेऱ्याबरोबर स्वतःचीही मान हलवत होते, आणि त्यात खालच्या कराराचा त्यांना पार विसर पडला होता. लिफ्टवाल्याने वर बघितलं. साहेब वर न्या म्हणतोय, पुन्हा पुन्हा म्हणतोय, घाईत दिसतोय. त्याने खटका ओढला. फळी हातभर वर गेली. काकांनी मान हलवली. आणखी हातभर. पडद्यावर जगाने बघितलं ते असं की, कॅमेरा मान डोलावतो आहे आणि डोलावता डोलावता त्या पिवळ्या स्वेटरच्या मानासाठी जागेवरून उठून उभा राहतो आहे.

ट्रकमध्ये कुणीतरी हसायला लागलं. मग सगळेच. पुटपुटेचं हसू कुजबुजीत मावेना आणि त्याने माइकवर हात ठेवला. बाईंचा आवाज आला, पण त्यातले शब्द कळेनात, कारण त्याही हसत होत्या.

पिवळा स्वेटर हळूहळू झेंड्यापाशी आला. वाकून भोकात बघितलं. मग तिथेच गवतावर मांडी घालून बसला. दोन्ही हातांत तोंड धरलं. पिशवीवाला झुडपातून बाहेर आला, भोकात डोकावला आणि पिशवी टाकून त्याच्या गळ्यात पडला. बऱ्याच वेळाने पिवळ्या स्वेटरने वर, पार उंच गेलेल्या काकांकडे बघितलं आणि संथपणे मान खाली-वर केली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी ते वाऱ्याने आलेलं नव्हतं.

खाली उतरायला वेळ लागला. मान आडवी हलवायची ताकद काकांच्यात उरली नव्हती.

संध्याकाळी ट्रकच्या दाराला दुसऱ्या दिवसाचा कामाचा कागद लागला. काकांनी आधी पार्किंगची ओळ बघितली. तिथे दुसऱ्याचं नाव. मग मचाणाची ओळ बघितली. तिथे घारकाका, आणि त्याखाली बाईंच्या अक्षरात एक ओळ: मान हलवणे, दिवसातून एकदाच.

काकांनी ती ओळ तीनदा वाचली आणि खोलीवर जाईपर्यंतही दम न धरता तिथूनच घरी फोन लावला.

"अहो, काय हे," काकू म्हणाल्या. "मी इतकंच विचारलं की औषध घेतलं का. सतरा वेळा मान हलली. आई म्हणाल्या, एकदा सांगितलं असतं तरी कळलं असतं."

काका इतके हसले की लिफ्टवाला काळजीने बघायला आला. मग त्यांनी कागदाचं सांगितलं.

"एकदाच?" काकू विचारात पडल्या. "मग काय विचारायचं ते जपून विचारायला हवं."

तिसऱ्या दिवशी काकांनी सकाळपासून ती एक मान राखून ठेवली होती. दुपारी उशिरा लाल टोपीचा चेंडू नवव्यावर छान येऊन थांबला. लाल दिवा लागलेला होता. बाई काही बोलल्या नाहीत, नेहमीपेक्षा थोडा जास्तच वेळ चित्र काकांकडे राहू दिलं. काकांनी दोन श्वास सोडले आणि मान हलवली, अगदी हळू.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी फोन केला तो आपणहून विचारायला. असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"आज काय विचारलंस गं?"

"सकाळपासून ठरवत होते," काकू म्हणाल्या. "हे विचारू की ते विचारू. ठरेपर्यंत बॉल येऊन थांबला, आणि माझ्या तोंडून काही निघालंच नाही. तेवढ्यात तुमची मान हलली. आई म्हणाल्या, अगं, तू तर काहीच विचारलं नाहीस, मग हा हो कशाला म्हणतोय?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, सगळ्यालाच."

काकांनी फोन कानाशी तसाच धरून मान हलवली. तिकडे काकूंना ती दिसली नाही, पण त्या म्हणाल्या, "हं, कळलं."